मृगाच्या आधी: अर्धवट गोधडी इतिहासाला काय सांगते?

पेट निघाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे आणि ‘साधने’ या मथळ्याखाली काय लिहावं ते सुचत नाही, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. माझा विषय वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यातल्या बायकांच्या घरकामाचा इतिहास. या विषयात कागद कमी आणि वस्तू जास्त. त्यातली एकच वस्तू आज घेऊ: शिवायला काढलेली, मध्येच सोडलेली आणि पेटीच्या तळाशी गेलेली गोधडी.

पूर्ण झालेल्या गोधडीवर लिहिणारे बरेच आहेत. आजीची माया, लुगड्याची ऊब वगैरे. दिवाळी अंकांचं त्यावर भागतं. मला अर्धवट राहिलेलीत रस आहे, कारण पूर्ण गोधडीला विचारता येत नाही असा एक प्रश्न तिला विचारता येतो: हात थांबला, तेव्हा ही बाई कुठे गेली होती?

आधी मुदतीचं बघू. सुईकाम म्हणजे फावल्या वेळातलं काम, झालं तेव्हा झालं, असं आपण धरून चालतो. तसं ते नसतं. बाळाच्या झबल्या-टोपड्याला आणि दुपट्याला बारशाची मुदत असते, आणि जन्माआधी कपडे शिवू नयेत असं मानणाऱ्या घरांत ती जेमतेम बारा दिवसांची होते. रुखवतात मांडायच्या क्रोशाच्या रुमालांना, मण्यांच्या तोरणांना लग्नतिथीची मुदत. शाळेत शिवणकाम होतं त्या पिढीला विचारा: धावदोरा, टीप, साखळी टाका, काज असे नमुने कापडावर घालून परीक्षेआधी द्यायचे असायचे, आणि आदल्या रात्री कंदिलाशी बसून ते कोण पूर्ण करायचं हे बाईंनाही माहीत असायचं. आपल्या जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर फेटिया आणि कांचळीवरचं आरशांचं भरतकामही लग्न डोळ्यांसमोर ठेवून व्हायचं.

गोधडीची मुदत मात्र घरातल्या कुठल्या कार्याला बांधलेली नाही. ती मृगाला बांधलेली आहे. सूर्य मृग नक्षत्रात जातो ७ किंवा ८ जूनला. त्याआधी गोधडी हातावेगळी झाली तर झाली. कारण अगदी व्यवहारी आहे. जुनी लुगडी, धोतरं धुऊन कडक वाळवायला ऊन लागतं. थर अंथरायला, त्यांच्या सुरकुत्या काढायला आणि कडेनं कच्चा दोरा घालायला मोकळी, कोरडी जमीन लागते; मातीच्या घरात ती जागा अंगणातच असते. पावसाळ्यात थरांत ओल राहिली की वास धरतो, बुरशी येते. आणि मुख्य म्हणजे मृग लागला की बाई शेतात जाते. पेरणी, मग निंदण, मग पुन्हा निंदण. दिवाळीच्या आसपास कापूस फुटतो तो वेचणी माघ-फाल्गुनापर्यंत चालते. वेचणी हे बहुतेक बायकांचंच काम आणि मजुरी वजनावर, म्हणजे घरी बसलेला दिवस सरळ बुडालेला दिवस. होळीनंतर हात मोकळे होतात ते मृगापर्यंत. या तीनेक महिन्यांतच लग्नं, पापड-कुरडया, घर सारवणं, सरपण भरणं आणि गोधडी. यातलं जे राहिलं ते पुढच्या होळीपर्यंत राहिलं.

इथे एक फरक लक्षात ठेवा, व्हायवात कोणीतरी विचारेलच. गादी आणि गोधडी एक नव्हे. गादीत पिंजलेला कापूस भरतात, ते पिंजाऱ्याचं काम, पैसे देऊन करून घ्यायचं. गोधडीत कापूस नसतो. जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्यानं शिवायचे, घरातल्या बाईनं, बिनपैशात. भोवती सगळा कापूस पिकतो त्या यवतमाळ जिल्ह्यात पांघरूण मात्र चिंध्यांचं. पिकलेला कापूस बाजारात जायचा. अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१–६५) तिथला कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली, आणि तेव्हापासून इथल्या शेताचा आणि गिरणीचा संबंध घट्ट होत गेला. लक्ष्मण सत्या यांचं वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरचं पुस्तक (१९९७) त्यासाठी वाचाच. १८७७ मध्ये नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस कच्चा गेला, कापड होऊन विकत परत आला, लुगडं होऊन फाटला आणि शेवटी गोधडीत शिवला गेला. मला तर गोधडी हा कापसाच्या बाजाराचा शेवटचा मुक्काम वाटतो.

शब्दांचंही बघून ठेवा. गोधडी, वाकळ (आमच्याकडे बोलताना ‘वाकय’), साधुसंन्याशांच्या संदर्भात कंथा. मोल्सवर्थच्या कोशात गोधडी आणि वाकळ दोन्ही सापडतात. कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. जाता जाता: आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या गाडगेबाबांच्या अंगावर आयुष्यभर ठिगळांचंच वस्त्र होतं. तरी गोधडी हा ‘पीएचडीचा विषय आहे का’ असं तिथेच विचारलं जातं.

आता कागदांकडे. सुईकाम कागदावर कुठे येतं? जनगणनेत शिंपी, रफूगार, कशिदा काढणारे असा धंद्याचा गट १९११, १९२१ च्या तक्त्यांत आहे. पण तो धंदा आहे. घरची गोधडी शिवणारी बाई त्यात येत नाही. ती एक तर ‘शेतमजूर’ असते नाहीतर ‘अवलंबित’. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या चार खंडांत (१९१६) शिंप्यांवर नोंद आहे, बंजारा बायकांच्या पोशाखाचं वर्णन आहे. पण तो पोशाख शिवायला वेळ कधी आणि कुठून मिळाला हे विचारायचं त्यांना कारण नव्हतं. वेळ मोजणारं अखिल भारतीय सर्वेक्षण आपल्याकडे थेट २०१९ मध्ये झालं. त्याआधी १९९८–९९ मध्ये सहा राज्यांत पथदर्शी पाहणी झाली होती, त्यात महाराष्ट्र नव्हता. २०१९ च्या आकड्यांनुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ९७. आकडा महत्त्वाचा आहे, सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर टाका. पण १९८० साली वऱ्हाडातल्या बाईचा चैत्र-वैशाख कशात गेला, हे तो सांगणार नाही.

गावाच्या नावाबद्दलही सांगायला हवं, कारण यात नवे लोक हमखास अडकतात. मी ज्या गोधडीबद्दल पुढे लिहिते आहे ती लोहाऱ्यातली. कुठलं लोहारा? धाराशिव जिल्ह्यात लोहारा नावाचा तालुकाच आहे, जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ एक लोहारा आहे, लोहारांच्या वस्तीवरून पडलेलं हे नाव आणखी कितीतरी ठिकाणी असेल. आपलं लोहारा यवतमाळ शहराला लागून, दारव्हा रस्त्यावर, एमआयडीसीचं. ‘यवतमाळ’ या नावानं अभिलेखागारात शोधाल तर अर्धंच हाती लागेल. १८६४ मध्ये जिल्हा झाला तेव्हा त्याचं नाव आधी ‘आग्नेय वऱ्हाड’ (साउथ-ईस्ट बेरार) होतं, नंतर ‘वणी’ झालं, इंग्रजी कागदांत ‘वुन’. १९०५ मध्ये ते बदलून यवतमाळ झालं, आणि इंग्रजी स्पेलिंग पुढेही बराच काळ ‘येवतमाळ’ वाचावं असं. शोधाच्या चौकटीत ही सगळी नावं टाकून बघा.

अर्धवट वस्तू हातात घेऊन इतिहास लिहिणारे आपण पहिले नाही. गाइडना पटवायचं असेल तर दोन उदाहरणं जवळ ठेवा. अमेरिकन इतिहासकार लॉरेल थॅचर उलरिक यांच्या ‘द एज ऑफ होमस्पन’ (२००१) या पुस्तकात प्रत्येक प्रकरण एका वस्तूभोवती आहे, आणि त्यातलं एक प्रकरण विणायचं अर्धवट राहिलेल्या मोज्यावर आहे. दुसरं उदाहरण मुदतीचं. १८४१ मध्ये ‘राजा’ नावाचं जहाज इंग्लंडमधून कैदी बायकांना घेऊन टास्मानियातल्या होबार्टला गेलं. एलिझाबेथ फ्राय यांनी उभ्या केलेल्या मंडळानं त्या बायकांना सुया, दोरे आणि कापडाचे तुकडे दिले होते. जहाज किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांनी २,८१५ तुकड्यांची एक मोठी चादर शिवून पुरी केली. ती आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. तिथे मुदत होती समुद्रप्रवासाची. बायकांना दुसरीकडे जायला जागाच नव्हती, म्हणून काम पुरं झालं. असं माझं वाचन आहे. आपल्याकडच्या बाईला मात्र जायला नेहमीच दुसरीकडे असतं: शेतात, पाण्याला, वेचणीला.

आता लोहाऱ्यातली गोधडी. एका घरी घरकुलाचं काम निघालं, सामान हलवताना लोखंडी पेटी उघडली आणि ती वर आली. घरच्यांची नावं मी लिहिणार नाही, तुम्हीही तुमच्या प्रबंधात परवानगीशिवाय लिहू नका. आजीचं वय सत्तरीच्या पुढे. गोधडीच्या चारही कडा शिवलेल्या, शिवण कडेकडून आत आत येत गेलेली, आणि मधला साधारण उशीएवढा भाग नुसता कच्च्या दोऱ्यानं धरलेला. एका ठिकाणी सुई तशीच खोवलेली होती. ती गंजून कापडावर तपकिरी डाग पडला होता.

अशी वस्तू हातात आली की काय करायचं ते जरा सविस्तर सांगते. आधी तिला झटकू नका, धुऊ देऊ नका. उजेडात पसरा, दोन्ही बाजूंचे फोटो पट्टी ठेवून घ्या. मग न शिवलेल्या भागातून थर मोजा. अर्धवट गोधडीचा खरा फायदा इथे आहे: पूर्ण गोधडी उसवल्याशिवाय आतलं दिसत नाही, आणि उसवायला कोण देईल? इथे मधल्या भागात बोट घालून थर उचलता येत होते. वर छापील पाचवारी, खाली सुती नऊवारी, मध्ये धोतराचे तुकडे, एक साखरेचं पोतं उसवून केलेलं कापड आणि एका बाजूला टेरिलीनच्या शर्टाची पाठ.

त्या शर्टानं काळाची खालची हद्द दिली. नियम साधा आहे, पुरातत्त्ववाले तो रोज वापरतात: थरातली सगळ्यात नवी वस्तू ज्या काळातली, त्याच्या आधी तो थर लागलेला असू शकत नाही. टेरिलीनचे कपडे आपल्याकडे १९६० च्या दशकात येऊ लागले, आणि खेड्यातल्या घरात असा शर्ट येऊन, झिजून, गोधडीत जायला अजून काही वर्षं. म्हणजे गोधडी अंथरली ती फार तर सत्तरच्या दशकात किंवा नंतर. नऊवारीवरून ठरवायला गेलात तर वीस-तीस वर्षं मागे जाल. लुगडं घरात कितीही वर्षं पडून राहू शकतं.

मग टाके बघा. या गोधडीत हात दोन होते. कडेच्या ओळींचे टाके बारीक, एकसारखे, आणि दोरा लुगड्याच्या काठातून काढलेला, पीळ देऊन दुहेरी केलेला. आतल्या ओळींचे टाके लांब, थोडे तिरके, दोरा रिळाचा. मी आजींना विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, “थे बारीक टाके सासूचे. मले तवा येत नव्हतं.” बाहेरच्या चार-पाच ओळी सासूच्या, नंतर सासूची नजर गेली आणि सुई सुनेकडे आली. कडेकडून मध्याकडे जाताना गोधडीत एका घरातल्या कामाची वाटणी बदललेली दिसते.

मुलाखतीबद्दल एक गोष्ट. ‘ही अर्धवट का राहिली?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं आहे, ‘वेळ नाही भेटला’, आणि ते विचारण्यात बाईवर ठपका ठेवल्यासारखं होतं. अर्धवट सुईकाम म्हणजे आळस, हे प्रत्येकीला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. त्याऐवजी गंजलेल्या सुईपाशी बोट ठेवून विचारा, ही सुई इथे खोवली तेव्हा घरात काय चाललं होतं? मी हेच विचारलं. आजींनी थोडा विचार केला. “हमीच्या कामावर जात होतो नं. गिट्टी फोडाले. धाकटा कडेवर होता.”

हमीचं काम म्हणजे रोजगार हमी योजना. धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९८०. म्हणजे कडेवर होता ते उन्हाळे १९८१ किंवा १९८२ चे. सांगीव आठवणीला साल असं चिकटवायचं असतं: बाईला साल विचारायचं नाही, मुलाबाळांची वयं विचारायची आणि दाखला बघायचा. (दाखल्यावरचं सालही शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजानं टाकलेलं असू शकतं, म्हणून एक-दोन वर्षांची सूट ठेवायची.)

इथून ही गोधडी माझ्यासाठी घरगुती वस्तू राहिली नाही. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची; सांगली जिल्ह्यात आधी प्रयोग झाला, १९७२ मध्ये योजना राज्यभर आली, त्या वर्षीच्या दुष्काळात दुष्काळी कामं सुरू झाली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. १९७२ मध्ये मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्याच जिल्ह्यातल्या गहुलीचे. या योजनेवर अर्थशास्त्रात पुष्कळ लिहिलं गेलंय: गरिबी किती घटली, मजुरीचे दर किती वाढले, बायकांचं प्रमाण किती मोठं होतं. सगळीकडे एक वाक्य सापडतं की शेतीत काम नसतं त्या उन्हाळ्याच्या महिन्यांत या कामांना गर्दी होई, कारण तेव्हा मजूर ‘रिकामे’ असत.

रिकामे! होळी ते मृग हे तीन महिने बाईसाठी रिकामे कधीच नव्हते. ते गोधडीचे महिने होते. सरकारी कागदात ज्याला बेकारीचा काळ म्हटलंय तोच घरातल्या बिनपैशाच्या कामाचा हंगाम. हमीनं त्या महिन्यांना पहिल्यांदा भाव दिला. बाईसमोर निवड आली: दिवसभर खडी फोडून रोख मजुरी घ्यायची की अंगणात बसून पांघरूण शिवायचं. कडेवर मूल असलेल्या, नजर गेलेली सासू घरात असलेल्या सुनेनं काय निवडावं, हे मी सांगायची गरज नाही. आणि ती निवड करून तिला वाईटही वाटलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. “त्या पैशाचं बाजारातून ब्लँकेट आणलं,” असं आजी हसून म्हणाल्या. बिनपैशाचं काम सोडून बाई बाहेर पडली की आपण लगेच हरवलेल्या कलेचा शोक करायला बसतो. त्या घरात शोक कोणालाच नव्हता. ब्लँकेट हलकं होतं, लवकर वाळायचं.

आता थांबा, आणि यातून किती म्हणता येतं ते बघा. ‘रोजगार हमीमुळे वऱ्हाडातली गोधडी संपली’ असं वाक्य मी प्रबंधात लिहिलं तर परीक्षक मला तिथेच अडवतील आणि ते बरोबरच असेल. एका गोधडीवरून जिल्हा बोलत नाही. शिवाय दुसरी कारणं समोर उभी आहेत: स्वस्त ब्लँकेट, पाचवारी कृत्रिम साड्या (त्यांचे थर घसरतात आणि घाम शोषत नाहीत, म्हणून गोधडीला नालायक), शिलाई मशीन, मुलींच्या शाळा. मशीनचा इतिहास तर वेगळाच आहे. डेव्हिड आर्नल्ड यांनी भारतातल्या रोजच्या यंत्रांवर लिहिलेल्या पुस्तकात (२०१३) तो वाचा. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मध्ये सिंगरच्या मशीनला अपवाद म्हटलं होतं, सिंगरनं बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून ते बनवलं असं कारण देऊन. मला इतकंच म्हणायचं आहे: अर्धवट राहिलेल्या गोधड्या किती आणि त्यातल्या किती १९७२ नंतरच्या उन्हाळ्यांत थांबलेल्या, हे मोजण्यासारखं आहे. हा अंदाज आहे, निष्कर्ष नव्हे. सिनॉप्सिसमध्ये ‘गृहीतक’ म्हणून असंच वाक्य लिहायचं असतं, जे खोटं ठरू शकतं असं.

आणि ते ठरवायला दुसरा पुरावा लागेल, तो कागदाचा. हमीच्या कामांचे हजेरीपट असत. त्यात मजुराचं नाव, दिवस, कामाचं माप, मजुरी, अंगठा. एका बाजूला गोधडी कुठल्या ओळीवर थांबली, दुसऱ्या बाजूला त्याच वैशाखात त्याच घरातलं नाव हजेरीपटावर आहे का, असं जोडता आलं तर मग बोलता येईल. असे जुने पट कुठे टिकलेत, कुठे निर्लेखित होऊन रद्दीत गेलेत, हे ऑफिसनिहाय बघावं लागतं. अर्ज करताना काम कुठल्या खात्याचं होतं ते आधी शोधा: बांधकाम, पाटबंधारे, वन, कृषी. खातं चुकलं की ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं आणि ते त्या खात्यापुरतं खरंच असतं.

आता मुदतीचा दुसरा अर्थ. गोधडी वर आली ती मे महिन्याच्या मध्यावर, आणि घरात लगेच ठरलं की मृगाच्या आधी ती पुरी करायची. घरकुलाचं छत व्हायचं होतं, पावसाळ्यात पांघरुणं लागणार होती. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. न शिवलेला मधला भाग, दिसणारे थर, गंजलेली सुई, हा सगळा पुरावा. टाके घातले की तो बंद होणार. मी भीत भीत सुचवलं की अशीच ठेवता येईल का. आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. “पोरी, थे काय म्युझियमात ठेवाची वस्तू हाय? पांघराची हाय.”

यावर मेथडॉलॉजीच्या पुस्तकांत मोठी प्रकरणं आहेत, आणि त्यातलं बरंचसं संग्रहालयाच्या बाजूनं लिहिलेलं आहे. माझं मत सरळ आहे. वस्तू त्यांची, थंडी त्यांची. संशोधकाला वस्तू अर्धवट ठेवायला सांगण्याचा हक्क नाही. नोंद करायची परवानगी मागण्याचा आहे. तेव्हा मुदत माझ्यावरही आली. पुढचे चार दिवस मी रोज सकाळी ऊन चढायच्या आत जाऊन नोंदी केल्या. थरांचा आडवा छेद कागदावर काढला. कुठल्या ओळीवर हात बदलतो तिथे खुणेचा रंगीत दोरा घालून फोटो घेतला आणि दोरा काढून घेतला. सुई कागदाच्या पुडीत ठेवून आजींच्या परवानगीनं माझ्याकडे आली. त्या चार दिवसांत शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसायच्या. त्यांच्या घरातल्या पेट्यांबद्दल बोलणं निघालं आणि लोहाऱ्यातच अजून तीन अर्धवट गोधड्यांचा पत्ता लागला. असं फिल्ड कुठल्याही प्रश्नावलीनं मिळत नाही. तुम्ही मात्र रिकाम्या हातांनी बसू नका. सुईत दोरा ओवून द्या. सत्तरीतल्या बाईला सगळ्यात मोठी मदत तीच असते.

शेवटचं काम आजी, सून आणि नातसून अशा तिघींनी केलं. नातसुनेचे टाके मशीनची सवय असलेले, ओळ सरळ पण दोरा ओढून घट्ट. मधल्या भागात एक थर कमी पडत होता म्हणून तिनं जुन्या जीन्सचा एक पाय कापून घातला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिम तयार होतं, गावात जीन्सची कमी नाही. पण त्या जाड कापडात दोन सुया मोडल्या आणि आजींनी सगळ्यांना ऐकवलं. मी ते तारखेसह लिहून ठेवलं आहे. ही गोधडी पन्नास वर्षांनी कोणाला सापडली आणि त्यानं आपला तो नियम लावला, तर डेनिमवरून तो अख्खी गोधडी आजच्या काळातली ठरवेल आणि सासूच्या हातचे टाके चाळीस-पन्नास वर्षं पुढे ढकलेल. म्हणून काळ ठरवताना थर वेगळा, ओळ वेगळी. गोधडीला एकच जन्मतारीख देऊ नका.

५ जूनच्या संध्याकाळी मध्यावरचा शेवटचा टाका पडला. ७ तारखेला पाऊस काही आला नाही, पण गोधडी त्या रात्रीपासून वापरात आहे. पहिल्या धुण्यानंतर टाके ओढले जातील आणि मापं बदलतील, म्हणून दिवाळीनंतर मी पुन्हा मोजणार आहे. बाकीच्या तीनपैकी एका घरी मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे आणि तिथली गोधडी त्याआधी पुरी करायचं चाललंय, तेव्हा हजेरीपटांचा अर्ज थोडा मागे ठेवून आधी तिकडे जावं लागेल. तुमच्या घरात, आजोळी, पेटीत असं काही अर्धवट असेल तर झटकण्याआधी फोटो काढा, आणि ज्यांनी ते सोडलं त्या अजून असतील तर त्यांना आजच विचारा, तेव्हा घरात काय चाललं होतं.